गाणं की कॉम्प्युटर? दोन्ही एकत्र शिकण्याविषयी

(लोणावळ्यात झालेल्या एका सार्वजनिक व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. वक्त्यांनी फळ्यावर मांडलेली उदाहरणं मजकुरात घेतली आहेत.)

पावसात एवढे जण आलात, त्याबद्दल आभार. लोणावळ्यात पावसाचं कारण सांगून घरी बसणारा माणूस वर्षातले चार महिने घरीच बसेल म्हणा.

विषय जरा आडवळणाचा आहे. विद्यापीठात संगीतरचना आणि कॉम्प्युटर सायन्स हे दोन विषय एकत्र शिकता येतात का, आणि शिकावेत का? हा विषय मी का निवडला, ते आधी सांगतो. कामशेतची एक मुलगी माझ्याकडे पेटी शिकायला येते. यंदा बारावी झाली. गणित उत्तम. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिलेल्या. तिचे वडील एके दिवशी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "सर, आता चार वर्षं गाणं बाजूला ठेवायला सांगा. कॉम्प्युटरला अॅडमिशन घेऊ द्या. नोकरी लागली की मग गाणं आहेच."

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. माझ्या वडिलांनी मला हेच सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं होतं. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि पुढे नोकरीची सात, अशी अकरा वर्षं माझी पेटी माळ्यावर होती. खाली काढली तेव्हा दोन सूर बेसूर झाले होते आणि भात्याला उंदरांनी भोक पाडलं होतं. पेटी दुरुस्त झाली. माझा हात मात्र पूर्वीसारखा कधीच झाला नाही. म्हणून या विषयावर मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता सुरुवात इथूनच करू. मळवलीला उतरून भाज्याची लेणी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली असतील. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. तिथे एक शिल्प आहे : एक बाई दोन्ही हातांनी तालवाद्य वाजवते आहे आणि शेजारी दुसरी नाचते आहे. हा तबलाच आहे, असं काही जण ठासून सांगतात. मी त्या वादात पडत नाही. मला प्रश्न वेगळाच पडतो. ती वाजवत काय होती? किती मात्रांचा ठेका? दोन हजार वर्षं दगडात वाद्य टिकलं, हात टिकले. वाजवलेलं काही टिकलं नाही. कारण ते कुणी लिहून ठेवलं नाही, किंवा कसं लिहायचं ते अजून ठरलं नव्हतं.

माझ्या मते हे दोन विषय पहिल्यांदा भेटतात ते इथे. प्रोग्रॅम लिहिणारा काय करतो? मनातली कृती अशी लिहून ठेवतो, की आपण समोर नसताना ती दुसऱ्याला, इथे यंत्राला, जशीच्या तशी करता यावी. आणि संगीतरचना करणारा? तोही तेच करतो. गाणारा मैफिलीत आपल्या गळ्यातून गातो. रचनाकाराला मात्र दुसऱ्याच्या गळ्यातून गायचं असतं. तेव्हा मांडणी नेमकी लागते.

आपल्याकडे या माणसाला जुना शब्द आहे, वाग्गेयकार. शब्द आणि स्वर दोन्ही रचणारा. हा शब्द तेराव्या शतकातल्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात नीट समजावून सांगितलेला आहे. ग्रंथ शार्ङ्गदेवाचा. हा शार्ङ्गदेव कुठला? आपलाच, देवगिरीचा. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले. हा यादवांच्या दरबारी, सिंघण राजाच्या पदरी होता. आणि दरबारात काम काय करायचा? गवई नव्हता तो. हिशेबखात्याचा मुख्य अधिकारी होता. आयुर्वेदही जाणत होता. म्हणजे हिंदुस्थानातल्या संगीताचा सर्वांत मोठा ग्रंथ ज्याने लिहिला, तो दिवसभर जमाखर्च बघणारा माणूस होता. (हशा) कामशेतच्या त्या वडिलांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "बघा, म्हणजे आधी नोकरी!" (हशा) त्यांचंही खरं आहे.

पण शार्ङ्गदेवाने वाग्गेयकाराला काय काय यायला हवं म्हणून सांगितलंय, ते बघा. व्याकरण, शब्दकोश, छंद, अलंकार, रस आणि भाव, वेगवेगळ्या प्रदेशांच्या भाषा, ताल आणि लय, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, झटपट रचना करता येणं. हा सरळ सरळ अभ्यासक्रम आहे. आणि पुढे तो गुणही देतो. शब्द आणि स्वर दोन्ही उत्तम, तो उत्तम वाग्गेयकार. स्वररचना चांगली पण शब्द बेताचे, तो मध्यम. शब्द सुंदर पण चाल कच्ची, तो अधम. आजच्या भाषेत सांगायचं तर तुमचा प्रोग्रॅम कितीही देखणा असो, चाल कच्ची असेल तर तुम्ही तिसऱ्या वर्गात.

याच ग्रंथात एक प्रकरण असं आहे, की ते वाचल्यावर मी खुर्चीतून उठलो होतो. स्वरप्रस्तार. कॉलेजात हा भाग मला परकीय नावांनी शिकवला होता. तो आपल्या शेजारच्या देवगिरीला सातशे-आठशे वर्षांपूर्वी लिहिलेला आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे त्यावर जरा वेळ घालवतो. कंटाळलात तर हात वर करा.

तीन स्वर घ्या. सा, रे, ग. प्रत्येक स्वर एकदाच वापरून किती क्रम होतात? सहा. शार्ङ्गदेव ते या क्रमाने मांडतो : सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. सुरुवातीला सरळ आरोह, शेवटी सरळ अवरोह. मधले कसेही नाहीत, त्यांना शिस्त आहे. शेवटचा स्वर बघा : आधी दोनदा ग, मग दोनदा रे, मग दोनदा सा. चौथा स्वर म घेतला, की क्रम चोवीस होतात : शेवटी म असलेले सहा, मग ग असलेले सहा, मग रे, मग सा. पाच स्वरांचे १२०, सहांचे ७२०, सातांचे ५०४०.

आता शार्ङ्गदेव दोन प्रश्न विचारतो. पहिला : मला एक क्रम दिला, तर तो यादीत कितवा? याला तो उद्दिष्ट म्हणतो. दुसरा उलटा : यादीतला अमुक क्रमांकाचा क्रम सांगा. तो नष्ट, म्हणजे हरवलेला. आणि अट अशी, की पूर्ण यादी लिहायची नाही. पाच हजार ओळी लिहून मोजत बसायचं नाही.

करून बघू. चार स्वरांतला हा क्रम घ्या : म सा ग रे. तो चोवीसमध्ये कितवा? शेवटून सुरू करा. शेवटी रे आहे. उरलेल्यांत रे-च्या वरचे स्वर किती? ग आणि म, दोन. दोन गुणिले सहा, बारा. रे गेला. आता शेवटी ग. त्याच्या वरचा उरलाय फक्त म, म्हणजे एक. एक गुणिले दोन, दोन. ग गेला. उरले म आणि सा. सा-च्या वर म आहे, एक. एक गुणिले एक, एक. बेरीज बारा, दोन, एक, पंधरा. आपल्या आधी पंधरा क्रम होऊन गेले, म्हणजे आपण सोळावे. घरी जाऊन चोवीसच्या चोवीस लिहा आणि तपासा. सोळावाच निघेल.

या आकड्यांचा शार्ङ्गदेवाने एक पायऱ्यांचा तक्ता केला. त्याचं नाव खंडमेरू. सात स्वरांसाठी प्रत्येक रकान्याच्या तळाला येणारे आकडे १, १, ४, १८, ९६, ६०० आणि ४३२०. मिळवा बरं. (श्रोत्यांतून : "पाच हजार चाळीस!") बरोबर. शेवटच्या क्रमाचा, म्हणजे सरळ अवरोहाचा क्रमांक आपोआप आला.

आज कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला हा भाग असतो. मोठी यादी साठवून न ठेवता तिच्यातली हवी ती ओळ थेट काढणं. मेमरी वाचते, वेळ वाचतो. डोनाल्ड नूथ या शास्त्रज्ञाने प्रोग्रॅमिंगवर जे प्रचंड ग्रंथ लिहिलेत, त्यांत या विषयाचा इतिहास सांगताना शार्ङ्गदेवाचा उल्लेख आहे. आणि हे नूथ स्वतः ऑर्गन वाजवतात. तरुणपणी संगीत शिकायचं की भौतिकशास्त्र, हा प्रश्न त्यांच्याही पुढे होता. भौतिकशास्त्राकडे गेले, तिथून कॉम्प्युटरकडे आणि २०१८ साली, ऐंशीव्या वर्षी, त्यांनी रचलेली ऑर्गनवरची मोठी रचना स्वीडनमध्ये पहिल्यांदा वाजली. ऐंशीव्या वर्षी! कामशेतच्या वडिलांना मी हे मुद्दामच सांगितलं नाही, नाहीतर म्हणाले असते, "बघा, तेव्हाही होतं." (हशा)

प्रस्तार नुसता कागदावर राहिला नाही. आपल्या मुंबईतल्या भेंडीबाजार घराण्याने, अमानअली खाँसाहेबांनी, मेरुखंडाचा रियाज केला. इंदूरच्या उस्ताद अमीर खाँच्या संथ आलापीत तुम्हाला तो ऐकू येतो. पण ऐकताना एक गोष्ट लक्षात घ्या. पाच हजार चाळीस क्रम कुणी गात नाही. रागात कित्येक बाद होतात, जे उरतात त्यांतले कित्येक नकोसे वाटतात. ते घोटून झाले की गवई त्यांतलं नेमकं हवं ते उचलतो. यादी करणं हा एक अभ्यास आणि उचलणं हा दुसरा. यंत्र पहिलं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं. दुसरं कसं शिकायचं, हा खरा प्रश्न. म्हणूनच दोन्ही शिकणारा माणूस लागतो.

अमेरिकेतलं एक उदाहरण देतो, कारण तिथे हे विद्यापीठातच घडलं. लेजारेन हिलर हा रसायनशास्त्रातला डॉक्टरेट, इलिनॉय विद्यापीठात शिकवत होता. विद्यार्थिदशेत संगीतरचनाही शिकला होता. विद्यापीठात इलिअॅक नावाचा कॉम्प्युटर होता, खोलीभर. हिलर आणि त्याचा सहकारी लेनर्ड आयझॅकसन यांनी त्याच्याकडून चार तंतुवाद्यांसाठी रचना करून घेतली. १९५६ साली ती वाजली. पद्धत साधी : यंत्राने सोडत काढल्यासारखा एक स्वर काढायचा, स्वररचनेच्या नियमांच्या चाळणीतून घालायचा, नियम मोडला तर फेकायचा, पुन्हा काढायचा. आता गंमत पुढे आहे. चाळणी लावायला नियम माहीत हवेत, आणि नियम पाळूनही जे बेचव झालं ते कळायला कान हवा. हिलरने पुढे त्याच विद्यापीठात संगीताची पदव्युत्तर पदवी घेतली आणि रसायन सोडून संगीत विभागात गेला.

उलट दिशेने आलेला म्हणजे जॉन चाउनिंग. मूळ रचनाकार. यंत्राने आवाज निर्माण करता येतो, असा एक लेख त्याने वाचला आणि स्टॅनफर्डला प्रोग्रॅमिंगच्या वर्गात जाऊन बसला. १९६७ साली त्याला दिसलं की एका कंपनाने दुसऱ्याची कंपनसंख्या वेगाने वरखाली केली, की घंटा, पितळी वाद्यं असे भरीव आवाज फार थोड्या हिशेबात मिळतात. यामाहाने ते तंत्र घेतलं आणि १९८३ साली डीएक्स-सेव्हन हा कीबोर्ड आला. त्याला ते इंजिनिअर म्हणून सापडलं नाही. तो आवाजात कंप घालून बघत होता, कंप वाढवत गेला आणि एका टप्प्यावर कंप ऐकू यायचा थांबून आवाजाचा रंगच बदलला. कान तयार नसता तर त्याने ते बटण मागे फिरवलं असतं.

बरं, परत आपल्याकडे. अशा विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी मी काय करायला देईन? भूप. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत स्वरलिपीसह बंदिशी आहेत. भातखंडे स्वतः मुंबईत वकिली शिकलेले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्रावर उभी रेघ, सप्तकांना वर-खाली टिंब. एवढ्या चार खुणांत त्यांनी गावोगावच्या उस्तादांचं गाणं कागदावर आणलं. माझ्या मते आपल्याकडचं ते पहिलं मोठं डेटाचं काम. तर भूपाच्या पाच-सहा बंदिशी घ्यायच्या, कॉम्प्युटरला भरायच्या आणि मोजायचं : सा-नंतर रे किती वेळा येतो, ध किती वेळा, ग-नंतर प किती वेळा. पाच स्वर, म्हणजे पंचवीस घरांचा तक्ता. मग त्या प्रमाणात फासे टाकून यंत्राला नवा भूप करायला सांगायचा.

मी हे केलंय. जो निघाला तो चुकीचा नव्हता. स्वर सगळे भूपाचे. पण वाट चुकलेल्या माणसासारखं ते भटकत होतं, कुठे थांबायचं ते कळत नव्हतं. मग मी एकाऐवजी मागचे दोन स्वर लक्षात ठेवायला सांगितलं. तक्ता १२५ घरांचा झाला. जरा बरं वाटलं. हाव सुटली. मागचे चार स्वर. तक्ता ३१२५ घरांचा, आणि भरायला माझ्याकडे स्वर किती? एका बंदिशीत फार तर शे-दीडशे. बहुतेक घरं रिकामी राहिली आणि यंत्र मूळ बंदिशच ओळीच्या ओळी परत गाऊ लागलं. शेजारून आमच्या मातोश्री म्हणाल्या, "आता कुठे नीट वाजवतोयस." (हशा)

यात दोन्ही विषयांचा धडा आहे. कॉम्प्युटरवाल्याला कळतं, की आठवण वाढवली की पाठांतर होतं, निर्मिती नाही. आणि त्यावर उपाय शोधणं हा त्या शास्त्रातला मोठाच विषय आहे. गाणाऱ्याला दुसरंच कळतं. ते असं. देसकार नावाचा राग आहे. त्याचेही स्वर तेच, सा रे ग प ध. पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, वादी गंधार. देसकार सकाळी, वादी धैवत, सगळा खेळ वरच्या अंगाला. माझ्या यंत्राने काढलेल्या ओळी मी एका जाणत्या बाईंना ऐकवल्या. त्या दोन ओळी ऐकून म्हणाल्या, "हा भूप आणि देसकार यांच्यातला कुणीतरी आहे, जेवायच्या वेळेला आलेला." तक्त्यात स्वर मोजले होते, किती वेळ थांबायचं ते मोजलं नव्हतं. धैवतावर कसं जायचं, सरळ की मींडेने, तेही नाही. ते भातखंड्यांच्या लिपीतच पूर्ण नाही, तर माझ्या तक्त्यात कुठून येणार? आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या गटाने भूप आणि देसकारसारख्या जवळच्या जोड्यांवर काम केलंय. त्यांनी छापील स्वरलिपी न घेता प्रत्यक्ष गायलेल्या ध्वनिमुद्रणांतून स्वराची उंची क्षणाक्षणाला मोजली. म्हणजे माझ्या तक्त्यातून जे गळलं होतं, त्याच्याच मागे ते गेले. असं काम करायला गणित लागतं, आणि देसकार काय ते माहीत असावं लागतं. एकाच माणसात दोन्ही असेल तर फार सोपं जातं, नाहीतर दोन माणसांना आधी एकमेकांची भाषा शिकण्यात वर्ष जातं.

तबलेवाले कुणी आहेत? (दोन-तीन हात वर.) तुमच्यासाठी एक झटपट. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, शेवटचा धा समेवर. तीनतालात समेपासून निघून पुढच्या समेवर यायचं तर जागा सतरा. तुकडा पाच मात्रांचा आणि मधे एक मात्रा दम : पंधरा आणि दोन, सतरा. तुकडा तीनचा, दम चारचा : नऊ आणि आठ, सतरा. झपतालात जागा अकरा, तीनचा तुकडा, एकचा दम. हा प्रोग्रॅम दहा ओळींचा आहे, आठवीतलं मूल लिहील. सगळ्या शक्य तिहाया तो देतो. त्यांतली कुठली ऐकून मैफिलीत "वा" येईल, ते विचारायला तुम्हाला गुरुजींकडेच जावं लागतं.

आता अॅडमिशनचं बोलू, कारण पालक त्यासाठीच आलेत. आपल्याकडे 'संगीतरचना आणि कॉम्प्युटर' अशी सरळ एक पदवी शोधत बसू नका. जोडून घ्यावं लागतं. पूर्वी नियमच आड यायचे. आता नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाला जोडून दुसऱ्या शाखेचा गौण विषय घेता येतो. आपल्या राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांना ते २०२४-२५ पासून लागू झालंय. आणि २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पूर्णवेळ पदव्यांना परवानगी दिली. अट एकच, तासांच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, तिथे संगीत गुरुकुल पद्धतीने शिकवतात. कॉम्प्युटर सायन्सचा विभागही त्याच गणेशखिंडीच्या आवारात. कागदावर सगळं जुळलं.

कागदाबाहेर काय? वेळापत्रक. प्रॅक्टिकल दुपारी, रियाज सकाळी, आणि आपली मुलं लोणावळा, कामशेत, वडगावहून लोकलने जाणारी. लोणावळा ते पुणे चौसष्ट किलोमीटर, जाऊन-येऊन रोजचे तीन तास गेले. सहाच्या लोकलला रियाज होत नाही. मी खोटं सांगणार नाही, चार वर्षं दोन्ही शंभर टक्के होत नाहीत. ज्याला दोन पदव्यांची प्रमाणपत्रं भिंतीवर लावायची आहेत, त्याने या वाटेला जाऊ नये. एक मुख्य ठेवा. दुसरा रोज थोडा, पण रोज. कॉम्प्युटर मुख्य असेल तर ऐच्छिक विषय निवडताना ध्वनिसंकेतांवर प्रक्रिया करण्याचा विषय घ्या, संभाव्यता घ्या, आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट संगीतातला करा. तेच दुकानाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर पुन्हा करू नका. संगीत मुख्य असेल तर एक प्रोग्रॅमिंगची भाषा नीट शिका, नुसतं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालवता येणं म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. आणि रचना करा. दर महिन्याला एक, वाईट असली तरी. आपल्याकडे संगीताची पदवी मुख्यतः गायन-वादनाची असते, रचना फार कमी करून घेतात. ती सवय आपणच लावावी लागते.

नोकऱ्यांचंही सांगतो. ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, गेममध्ये, चित्रपटाच्या ध्वनीत, संशोधनात कामं आहेत. सामान्य सॉफ्टवेअरइतकी नाहीत, जवळपासही नाहीत. पण कॉम्प्युटरची पदवी गाण्यामुळे वाया जात नाही, ती पदवी ती पदवीच राहते. आपल्या पुण्यातलंच उदाहरण : प्रभाताई अत्रे. विज्ञानाची पदवी, कायद्याची पदवी, आणि पुढे सरगमवर डॉक्टरेट. वसंतराव देशपांड्यांनी कित्येक वर्षं पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी केली. शार्ङ्गदेवाचं खातं बघा कसं टिकलंय! (हशा) मात्र त्या काळात वसंतरावांनी गाणं माळ्यावर ठेवलं नव्हतं.

(व्याख्यानानंतर प्रश्न विचारला गेला : "आता यंत्रच गाणी तयार करतं, मग रचना शिकून उपयोग काय?")

प्रश्न रास्त आहे. शब्द टाइप केले की मिनिटाभरात गाणं मिळतं, मी वापरून बघितलंय. माझा भूपाचा तक्ता आणि ही यंत्रं यांत आकाराचा फरक अफाट आहे, पण ऐकलेल्यावरून पुढचं काय येईल याचा अंदाज बांधणं हे मूळ तेच. त्यामुळे सरासरी गाणं आता स्वस्त होणार. जिंगल करून पोट भरणाऱ्यांवर गदा येणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या यंत्रात मराठी लावणीचा किंवा भजनाचा माल किती भरलाय, आणि कुणी भरलाय? बाहेर आलेलं भजन चुकलंय हे सांगायला, आणि का चुकलं ते आत शिरून दुरुस्त करायला, कुणीतरी आपल्यातलं लागेल. नाहीतर वीस वर्षांनी त्या चुकाच आपली परंपरा म्हणून परत येतील.

(दुसरा प्रश्न : "त्या कामशेतच्या मुलीचं काय ठरलं?")

अजून ठरायचंय. फॉर्मची मुदत पुढच्या आठवड्यात आहे. वडील इथे आलेत, मी त्यांच्याकडे बघत नाही. (हशा) गेल्या रविवारचं सांगतो आणि थांबतो. मी तिला खंडमेरू शिकवला होता आणि म्हटलं, पाच हजार चाळीसमधला कुठलाही आकडा घे. तिने २५०० घेतला. कागदावर सात-आठ मिनिटं भागाकार केले आणि क्रम काढला : ध रे ग नि सा प म. मी ताळा केला, बरोबर होता. मग पेटीवर वाजवला, गायली. ग-वरून नि-वर जाताना दोनदा अडखळली. तिसऱ्यांदा तिने नि गाळला. चौथ्यांदा म-ही गाळला. मी विचारलं, का गं? म्हणाली, "माहीत नाही सर, तिथे नको वाटतात." उरलं ते ध रे ग सा प. प-वरून परत ध-वर आली, ग-वर थांबली, आणि मग अर्धा तास भूपच गात बसली. वडील न्यायला आले होते, ते दाराशी उभे राहून ऐकत होते.